बारा केंद्रकांची पेशी

टोआकासे बाईंनी आमच्या बेटावर बावीस वर्षं पेशी शिकवली. त्यातली शेवटची अकरा वर्षं पेशी दाखवणारं यंत्र त्यांच्या वर्गापासून एकोणीस पावलांवर होतं. पावलं त्यांनीच मोजली होती. वर्गाच्या दारापासून मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत सतरा, आणि तिथून कपाटापर्यंत दोन. सतरा पावलं त्यांनी अनेकदा टाकली. उरलेली दोन टाकायची परवानगी मिळाली नाही.

कपाटात मायक्रोस्कोप होता. ऑकलंडला जाऊन स्थायिक झालेल्या आमच्या लोकांनी शाळेच्या पन्नासाव्या वर्षी तो पाठवला, तेव्हा धक्क्यावर बँड वाजला, पाद्र्यांनी त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना म्हटली, दोन डुकरं भाजली गेली आणि मुख्याध्यापक पेनिसिमानी यांनी भाषण केलं. इतकी मोलाची वस्तू मुलांच्या हाती देणं म्हणजे पाठवणाऱ्यांचा अपमान आहे, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या बायकोने मायक्रोस्कोपसाठी जांभळ्या लोकरीचं टोपडं विणलं. पाहुणे आले की कपाट उघडलं जाई, पाहुणे टोपड्याकडे आदराने बघत, आणि कपाट बंद होई. बघण्यासाठी बनवलेलं यंत्र आमच्याकडे बघायची वस्तू म्हणून राहिलं.

दर दोन वर्षांनी राजधानीहून तपासनीस येत. त्यांच्या छापील कागदावर एक ओळ असे: मायक्रोस्कोप आहे की नाही, असल्यास स्थिती. मुख्याध्यापक स्थितीपुढे अभिमानाने 'नव्यासारखा' असं लिहून घेत. त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी स्वतः पेशी पाहिली होती ती पंचवीस वर्षांपूर्वी, सुव्हा शहरात कॉलेजात शिकायला होत्या तेव्हा. कांद्याची साल आणि गालाच्या आतलं पटल, अशा दोन पेशी. परत येऊन त्या शाळेत लागल्या, वडिलांच्या घरात एकट्या राहिल्या, आणि लग्न का केलं नाही याची चौकशी बेटाने पहिली दहा वर्षं मन लावून केल्यावर दुसरे विषय निघाले. त्या फळ्यावर खडूने गोल काढायच्या, मध्ये लहान गोल काढायच्या आणि म्हणायच्या, "असं दिसतं." मग थोडं थांबून, "साधारण असं." त्या थांबण्यात काय होतं ते आम्हाला कळत नसे. आम्हाला वाटे, खडू संपत आलाय.

मग ते पत्र आलं. ज्या बेटांवर विज्ञानाच्या वर्गात पंधरापेक्षा कमी मुलं आहेत, ते वर्ग चालू ठेवायचे की बंद करायचे याचा निर्णय येत्या तपासणीनंतर होईल, असं त्यात होतं. आम्ही अकरा होतो. वर्ग बंद झाला तर ज्यांना विज्ञान शिकायचंय त्यांनी बोटीने आणि मग विमानाने मोठ्या बेटावर जावं, नातेवाइकांकडे राहावं, असंही त्यात प्रेमाने सुचवलं होतं. अकरांत आम्ही सात मुली होतो. मुलगी यायची म्हटलं की नातेवाइकांच्या घरात जागा नेमकी कमी पडते, हे पत्र लिहिणाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं.

पत्रासोबत यादी होती. तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'भिंतीवर पेशीची आकृती'. आमच्या आकृतीला झुरळं लागली होती. त्यांनी केंद्रकापासून सुरुवात केली होती आणि आता कडेचं पेशीपटल तेवढं उरलं होतं, तेही एका बाजूचं. नवी मागवावी तर बोट येईपर्यंत तपासणी उलटून गेली असती. बेटावरच्या दुकानात मोठ्यात मोठा कागद मिळे तो मटणाच्या पुड्यांचा.

म्हणून बाई कालोलाइने आत्याकडे गेल्या.

कालोलाइने ही मुख्याध्यापकांची सख्खी आत्या. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीचं स्थान काय असतं ते ज्याला आत्या आहे त्यालाच कळतं. पेनिसिमानींच्या घरी लग्न असो की मयत, सगळ्यांत वरची चटई तिची. त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू तिने 'हवी' म्हटली तर ती तिची. त्यांनी 'नाही' म्हणायचं नाही, आणि म्हटल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. शाळेत चारशे नियम सांगणारा माणूस आत्या दिसली की आवाज उतरवतो, हे पाहून पाहून सबंध बेट तिला आत्या म्हणायला लागलं होतं. वय शहात्तर. झाडाची साल बडवून कापड करणाऱ्या बायकांची ती प्रमुख होती.

"लहानसा तुकडा द्या, आत्या," बाई म्हणाल्या. "एवढा. त्यावर मी रंगाने पेशी काढते."

"लहान?" आत्याने विचारलं. "आमच्या हातचं, आणि लहान? राजधानीचा माणूस बघणार ना?"

"बघणार."

"मग बारा पट्ट्यांचं करू."

"भिंतच तेवढी नाही, आत्या."

"भिंत वळते की," आत्या म्हणाली.

पुढचे सहा आठवडे झाडांची साल सोलली गेली, भिजवली गेली, आणि सकाळपासून लाकडी मोगऱ्यांनी बडवली गेली. तो ठोका आमच्या बेटावर इतका सवयीचा आहे की तो थांबला की लोक बाहेर येऊन विचारतात, कोण वारलं. सगळं अंग मोडून काम करताना बायकांना एकच अट होती: आपण काय काढतोय ते कळलं पाहिजे. म्हणून शाळा सुटल्यावर बाई कापडाच्या ओसरीत जाऊन बसत आणि जमिनीवर खडूने काढून दाखवत.

"हा काय, तारोचा कंद?" फुसीने विचारलं. फुसी म्हणजे माझ्या वर्गातल्या सिसिलियाची आई. तिच्या तोंडातून सुटलेला माणूस बेटावर अजून जन्मायचा होता.

"हे केंद्रक. पेशीने काय काय करायचं त्याच्या सगळ्या सूचना याच्यात असतात."

"आणि हे स्वतः काय करतं?"

"सूचना सांभाळतं."

"सरदार," फुसी शेजारणीला म्हणाली. "बसून असतो."

"सूचना बाहेर जात नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांची नक्कल बाहेर जाते. ती वाचून बाहेरचे कामाला लागतात."

"मग सरदारच. तो कधी स्वतः बोललाय? बोलायला त्याचा मानकरी असतो. आणि ही कड?"

"पेशीपटल. कोणी आत यायचं, कोणी बाहेर जायचं ते ही कड ठरवते. पाणी सहज जातं. बाकीच्यांना दारात थांबावं लागतं."

"पाद्रीणबाई," तिघी एकदम म्हणाल्या.

"आत तयार झालेलं सामान इथे आवरतात, बांधतात, कुठे जायचं त्याची खूण करतात आणि पाठवतात. हा गॉल्गी."

"माझी ऑकलंडची नणंद," फुसी म्हणाली. "पण ही चुकत नसेल. गेल्या नाताळात माझं सामानाचं पिंप तिनं दुसऱ्या बेटावर पाठवलं. तिथल्यांनी माझे बूट घालून चर्चला जाऊन घेतलं."

"आणि या पिशव्या लयकारिका. पेशीतलं मोडकं, टाकाऊ सगळं पचवून टाकतात."

"डुक्कर. घरात एक हवंच."

बाई हसत नव्हत्या, पण त्यांचा खडू भराभर चालत होता. वर्गात आम्हाला हेच शिकवताना त्यांना इतके प्रश्न कधी आले नव्हते. आम्ही उतरवून घेत होतो.

मग त्यांनी लांबट आकार काढला आणि त्याच्या आत घड्या काढल्या. "या तंतुकणिका. अन्नातली ताकद या काढून देतात. त्यांच्याशिवाय बाकीचं सगळं ठप्प. आणि या फक्त आईकडून येतात. मुलगा असो, मुलगी असो, तंतुकणिका आईच्या."

मोगरे थांबले. रस्त्यावरचा एक माणूस कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"बापाच्या?" आत्याने विचारलं.

"बापाच्या जवळजवळ नाहीतच."

"हे शोधायला लोकांना किती वर्षं लागली?"

"पुष्कळ."

"इथे येऊन विचारायचं होतं," आत्या म्हणाली. "त्या जास्त काढा."

आणि त्या खरोखरच जास्त काढल्या गेल्या. पेशीत असतातही पुष्कळ, त्यामुळे विज्ञानाचं नुकसान झालं नाही.

शेवटी बाईंनी बारीक ठिपके दिले. हे रायबोसोम, नक्कल वाचून एकाला एक जोडत प्रथिनं बनवतात, रात्रंदिवस, त्यांना कोणी मोजतही नाही, असं म्हणाल्या. आत्या ओसरीत दोन्ही बाजूंना बसलेल्या बायकांकडे बघत होती.

"हे ठिपके आपण," ती म्हणाली, आणि मोगरे पुन्हा सुरू झाले.

आता चुकीकडे येते. आमचं कापड रंगवतात ते असं: नारळाच्या हिरांचा ठसा शिवून करायचा, तो लांब लाकडी पाटावर बांधायचा, वर साल पसरायची आणि तपकिरी रंगाचा बोळा घासायचा. खालचा ठसा वर उमटतो. मग कापड पुढे ओढायचं, पुन्हा घासायचं. एक पट्टा, दुसरा पट्टा, तिसरा. ठसा जागचा हलत नाही, कापड हलतं. शंभर वर्षं हे असंच चाललंय आणि यात कोणाची काही हरकत नव्हती. केंद्रकाचा ठसा स्वतः आत्याने शिवला. बाईंनी निघताना बजावून सांगितलं, "केंद्रक मध्यभागी हं, आत्या." मध्यभागी, इतकंच त्या म्हणाल्या. एकदाच, हे त्यांना म्हणावंसं वाटलं नाही. पंचवीस वर्षांत हा शब्द लागेल असं वाटण्यासारखं काही घडलं नव्हतं.

बायकांनी सांगितलं तसं तंतोतंत केलं. प्रत्येक पट्ट्याच्या बरोबर मध्यभागी केंद्रक होतं.

तपासणीच्या तीन दिवस आधी कापड मैदानावर उलगडलं. मी आजवर इतकं देखणं काही पाहिलेलं नाही. कडेने पेशीपटलाची दुहेरी काळी रेघ, आत तंतुकणिकांचे थवे, गॉल्गीच्या घड्या, हजारो ठिपके, आणि एका लांबलचक पेशीत ओळीने बारा केंद्रकं. बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. परत आल्या.

"सुंदर झालंय, आत्या."

"झालंयच."

"केंद्रकं... बारा आहेत."

"पट्टे बारा आहेत."

"पेशीत ते एकच असतं."

"एकदाच उमटलेला ठसा तू कुठे बघितलास?" आत्याने समजुतीच्या सुरात विचारलं. "लोक म्हणतील ठसा मोडला. नाहीतर म्हणतील बायका मधेच भांडल्या."

बायका रांगेने उभ्या होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. त्यांच्याकडे बघून बाई म्हणाल्या, "उद्या भिंतीवर लावू."

वर्गात मात्र त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, केंद्रक एकच. कापडावर बारा आहेत ती शोभा आहे. आम्ही वहीत लिहिलं: केंद्रक एक. शोभा बारा.

गुरुवारी तपासनीस आले. फेलेती साहेब. बोट लागल्यामुळे चेहरा हिरवट, कमरेला मानाची चटई नीट बांधलेली, काखेत छापील कागद. मुख्याध्यापकांनी आधी कपाट उघडून टोपडं दाखवलं. साहेबांनी 'नव्यासारखा' लिहिलं. मग ते वर्गात आले आणि दारातच थांबले. कापड मागच्या भिंतीवरून सुरू होऊन दोन्ही बाजूच्या भिंतींवर वळलं होतं. खिडक्या त्याखाली गेल्या होत्या. एक तेवढी मोकळी होती, व्हरांड्याकडची, आणि त्या खिडकीबाहेर चटया टाकून सगळ्या बायका बसल्या होत्या. आपल्या कापडाला राजधानीचा माणूस काय म्हणतो ते ऐकायला. सगळ्यांत पुढे आत्या, तिच्यामागे फुसी.

साहेबांनी कापड पाहिलं, मोजलं, आणि सिसिलियाला उभं केलं.

"एका पेशीत केंद्रकं किती असतात?"

सिसिलियाने बाईंकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. तिची आई तिच्याचकडे बघत होती, तपकिरी हात मांडीवर ठेवून. आईने सहा आठवडे घासून काढलेली गोष्ट आईसमोर, परक्या माणसाला, खोटी आहे म्हणून सांगायची, एवढं विज्ञान आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

"बारा," सिसिलिया म्हणाली.

"तू सांग."

"बारा."

साहेबांनी अकरा जणांना विचारलं. मीही बाराच म्हणाले. साहेब प्रत्येक उत्तरानंतर कागदावर काहीतरी लिहीत होते आणि खिडकीबाहेरच्या बायका प्रत्येक उत्तरानंतर समाधानाने मान हलवत होत्या. वर्ग बंद पडताना इतकी माणसं एकाच वेळी खूश झाल्याचं मी पुन्हा पाहिलं नाही.

"बाई," साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, "तुम्ही किती शिकवलीत?"

बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. बारा म्हटलं तर त्यांचा वर्ग अडाणी शिक्षिकेचा. एक म्हटलं तर अकरा मुलं खोटारडी आणि वीस बायका मूर्ख. माणसाने अशा वेळी खोकावं. मुख्याध्यापक खोकले.

"एक," बाई म्हणाल्या. "मी एक शिकवलं."

आत्या उठली. तिला उठायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कोणी बोलत नाही. ती खिडकी सोडून दाराने आत आली.

"एक कोण म्हणतं?"

"पुस्तक म्हणतं, आत्या."

"पुस्तकानं बघितलंय?"

"ज्यांनी लिहिलं त्यांनी बघितलंय."

"तू बघितलंयस?"

"पंचवीस वर्षांपूर्वी. सुव्हाला."

"आणि या पोरांनी?"

"नाही."

"का?"

बाईंनी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही अकराही जणांनी पाहिलं.

आत्याची नजर आमच्या नजरेमागून गेली. "पेनी," ती म्हणाली.

"आत्या."

"तुझ्या कपाटात ते जांभळं टोपडं घातलेलं काय आहे?"

"ते पाहुण्यांसाठी आहे, आत्या. नाजूक आहे. हवा लागली तरी..."

"मला हवंय."

हा शब्द पडला की पुढे चर्चा नसते, हे मुख्याध्यापकांना लहानपणापासून माहीत होतं. याच शब्दाने त्यांची पहिली सायकल गेली होती.

"किल्ली, आत्या, बहुतेक घरी..."

"मग फोडू. कपाट माझ्या भावानं केलंय. कुठं मारलं की उघडतं ते मला ठाऊक आहे."

किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात निघाली.

एकोणीस पावलांवरून मायक्रोस्कोप वर्गात आला. टोपडं काढलं. नव्यासारखी स्थिती अशी होती की तीन भिंगांपैकी दोहोंच्या आत पांढरी जाळी धरली होती. अकरा वर्षांत त्या कपाटात जीवशास्त्राचा एकच प्रयोग झाला होता, आणि तो बुरशीने केला होता. तिसरं भिंग मात्र स्वच्छ होतं. बाईंनी आरसा खिडकीकडे फिरवला. त्यांना सगळं आठवत होतं. पायाला प्रवाळ लागतं म्हणून आमच्याकडे घरोघरी आयोडीन असतं. फुसीने ते पळत जाऊन आणलं.

"गाल कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा घे," आत्या म्हणाली. "माझा शब्द, माझा गाल."

बाईंनी नारळाचा एक हीर धुऊन घेतला, ज्याचे ठसे शिवतात तोच, आणि आत्याच्या गालाच्या आतून हलकेच फिरवला. काचेवर पुसला, आयोडीनचा थेंब टाकला. आधी स्वतः पाहिलं. त्या जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं तरी त्यांनी मान वर केली नाही. मग बाजूला होऊन त्यांनी आत्याला जागा दिली.

आत्याने एक डोळा मिटला.

"काय दिसतं?" फुसीने खिडकीतून विचारलं.

"पापणी."

"जरा मागे घ्या डोकं, आत्या."

"हलतंय हे."

"तुम्ही हलताय."

मग ती हलायची थांबली. वर्गात सगळे थांबले. सालीचं कापड करणारी बाई बारीक नक्षी किती वेळ न कंटाळता बघू शकते ते त्या दिवशी साहेबांना कळलं असेल.

"एक," अखेर आत्या म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "शेजारचीतही एकच. आणि तिच्या शेजारचीत." तिने डोळा काढला आणि हात स्वतःच्या गालावर ठेवला. "हे इतकी वर्षं माझ्या तोंडात होतं?"

"होतं."

"आणि तू खडूनं काढत बसलीस."

आम्ही रांगेत उभे राहून पाहिलं. मला दिसलं ते फिकट पिवळं, कडा दुमडलेलं, मध्ये गडद ठिपका असलेलं काहीतरी. फळ्यावरच्या गोलासारखं ते अजिबात नव्हतं. साधारण तसं होतं. बाई खडू हातात धरून का थांबत ते मला तेव्हा समजलं. बायकांनी पाहिलं. साहेबांनी तीन वेळा पाहिलं, तपासणीचा भाग म्हणून. नऊ वर्षं ते बेटाबेटांवर मायक्रोस्कोप मोजत फिरत होते. त्यातून बघायची ओळ त्यांच्या कागदावर नव्हती.

"म्हणजे आमचं कापड खोटं," आत्या म्हणाली.

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. व्हरांड्यात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. फुसी आपले हात कमरेच्या वस्त्राखाली लपवत होती.

"खोटं नाही," बाई म्हणाल्या. "गालाचं नाही, एवढंच. हाडांना धरून असलेल्या स्नायूची पेशी अशीच असते. दोरीसारखी लांब. आणि त्या एका पेशीत खूप केंद्रकं असतात."

"हे तुम्हाला आत्ता सुचलं," साहेब म्हणाले.

"हो. सहा आठवड्यांपूर्वी सुचायला हवं होतं. पान एकशे चौदा."

साहेबांनी पुस्तक मागितलं, पान काढलं आणि वाचलं. त्यात तसंच होतं.

"कुठला स्नायू?" आत्याने विचारलं.

"दंडाचा, मांडीचा. ज्याने मोगरा उचलता तो."

आत्याने बाही वर केली. साठ वर्षं साल बडवलेला दंड. तिने तो साहेबांना दिसेल असा धरला आणि भिंतीवरच्या कापडाकडे पाहिलं.

"मग बारा कमी आहेत," ती म्हणाली.

"शेकडो असतात, आत्या."

"तरीच."

जेवणात भाजलेलं डुक्कर होतं. साहेबांनी आपल्या पानातला एक तंतू काढून काचेवर ठेवायला सांगितला. तंतू दिसले. त्यावरचे ठिपके म्हणजे केंद्रकं की अकरा वर्षांची धूळ, याबद्दल मात्र एकमत झालं नाही.

अहवाल पाच आठवड्यांनी आला. वर्ग आणखी चार वर्षं चालू ठेवायचा होता. बाईंच्या बावीस वर्षांबद्दल त्यात शब्द नव्हता. स्थानिक साधनांतून केलेल्या स्नायूपेशीच्या भव्य आणि अचूक आकृतीचं कौतुक होतं, आणि ती मुख्याध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली साकारल्याचं नमूद होतं. मुख्याध्यापकांनी तेवढा भाग प्रार्थनेनंतर दोनदा वाचून दाखवला. खालची एक ओळ त्यांनी मयताची बातमी वाचावी तशी वाचली: मायक्रोस्कोप, स्थिती, वापरलेला.

बाईंनी ती ओळ कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली.

मायक्रोस्कोप आता वर्गातच असतो. तो आत्याचा आहे. तिने तो शाळेला वापरायला दिलाय आणि न वापरल्यास परत नेईन म्हणून सांगितलंय. जांभळं टोपडं मुख्याध्यापकांच्या चहाच्या किटलीवर बरोबर बसलं.

त्या वर्षाच्या शेवटी आत्याने आणखी एक कापड पाठवलं. बाईंनी मागितलं नव्हतं. आम्ही ते बाकांवर पसरलं. या वेळी ठसा मोठा होता: एक कड, तिच्यात एक केंद्रक, भोवती थोड्या तंतुकणिका. तेवढंच. आणि हा ठसा रीतीप्रमाणे कापडावर आखलेल्या प्रत्येक घरात उमटला होता, कडेला कड लावून. अठ्ठेचाळीस घरं होती.

आत्या दारात उभी होती. "आता मोज," ती म्हणाली.

बाई मोजत गेल्या, शेवटपर्यंत. "बरोबर आहे, आत्या. प्रत्येकीत एक. हे गालाचं अस्तर झालं."

"कोणाच्या गालाचं?"

"तुमच्याच."

"एवढ्या सुरकुत्या कशा दिसत नाहीत मग," फुसी मागून म्हणाली.

"त्या बाहेरून असतात," बाई म्हणाल्या, आणि काच धुवायला घेतली.